फुजीच्या पायथ्याचा शिबाझाकुरा उत्सव: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जपानच्या यामानाशी प्रांतात, फुजी पर्वताच्या वायव्येला, मोतोसू तळ्याजवळ दर वसंतात फुजी शिबाझाकुरा उत्सव भरतो. जमिनीलगत पसरलेली गुलाबी, पांढरी, जांभळी फुलं आणि मागे बर्फाची टोपी घातलेला फुजी, हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतोच. तिथे पोचणं कठीण नाही. कठीण आहे ते योग्य आठवड्यात, योग्य वेळी पोचणं. बहुतेकांची सहल तिथेच फसते. विमानाचं तिकीट आधी काढलं जातं आणि फुलांची चौकशी नंतर होते. आपण उलट्या क्रमाने जाऊ.

१. आधी फूल ओळखा, मग तारीख ठरवा

नावात 'झाकुरा' आहे म्हणून हे चेरीचं झाड समजू नका. पहिला गोंधळ इथेच होतो. 'शिबा' म्हणजे हिरवळ आणि 'साकुरा' म्हणजे चेरीचा बहर. फुलाचा आकार साकुरासारखा आणि वाढ हिरवळीसारखी, म्हणून हे नाव. झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं, इंग्रजीत त्याला मॉस फ्लॉक्स म्हणतात. उंची जेमतेम वीतभर. खाली वाकून पाहिलं की एकेक फूल दीड-दोन सेंटिमीटरचं दिसतं. पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला छोटी खाच आणि मधोमध गडद रंगाचं बारीक कडं. तामा नो नागारे नावाच्या जातीत पाकळीच्या मधोमध गुलाबी पट्टा आणि कडा पांढऱ्या, म्हणजे थेट जत्रेतल्या गोळीसारखं. माँ ब्लाँ ही जात पांढरीशुभ्र.

साकुराचा बहर टोकियोत मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला आणि फुजीजवळच्या कावागुचिको तळ्याच्या परिसरात साधारण एप्रिलच्या मध्याला असतो. शिबाझाकुरा त्यानंतर फुलतो. उत्सव एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतो, पण खरा बहर बहुतेक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात येतो. उत्सव सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर बरीचशी काळी माती आणि मधूनमधून रंगाचे ठिपके पाहाल. आयोजक पहिल्या दिवसांत तिकीट स्वस्त ठेवतात ते उगाच नाही.

आता सुट्ट्यांचं गणित. २९ एप्रिल, ३, ४ आणि ५ मे या जपानच्या राष्ट्रीय सुट्ट्या, आणि या दिवसांना मिळून 'गोल्डन वीक' म्हणतात. सुट्टी रविवारी आली तर पुढे बदली सुट्टी मिळते. २०२६ मध्ये ३ मे रविवारी असल्याने ६ मेलाही सुट्टी आहे. या काळात अर्धा टोकियो गाडी काढून फुजीकडे निघतो. हॉटेलं दुप्पट महाग, बसला रांगा आणि महामार्गावर कित्येक किलोमीटरचा खोळंबा. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी असल्याने एक फायदा आहे. मुलांची शाळा बुडवायची नाही आणि गोल्डन वीकही टाळायचा, तर ८ ते १८ मे ही खिडकी उत्तम. त्यातही मंगळवार ते गुरुवार.

बहर वर्षागणिक आठवडाभर पुढे-मागे होतो. थंडी लवकर ओसरली तर फुलं लवकर येतात, एप्रिलच्या उत्तरार्धात थंडी परतली तर रेंगाळतात. उत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर रोजच्या फोटोसह स्थिती देतात. त्यातले हे शब्द ओळखता आले की भाषांतराच्या ॲपवर विसंबावं लागत नाही:

- साकिहाजिमे: फुलायला नुकती सुरुवात. अजून थांबा.
- सांबुझाकी: तीन दशांश फुललंय.
- गोबुझाकी: निम्मं फुललंय. इथून चार-सहा दिवसांत जायला हरकत नाही.
- मिगोरो: पाहण्याजोगा काळ. हाच शब्द शोधायचा.
- मानकाई: पूर्ण बहर.

सगळ्या जाती एकदम फुलत नाहीत. म्हणून एका वाफ्यात मानकाई आणि शेजारच्यात गोबुझाकी असं चित्र सर्रास असतं. फोटोत दिसतो तसा एकसंध गालिचा थोडेच दिवस टिकतो.

२. व्हिसा: उशीर नको, पण घाईही नको

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०२४ च्या एप्रिलपासून जपानचा पर्यटनासाठीचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो. मुंबईतलं जपानी वाणिज्य दूतावास महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही पाहतं.

साधारण लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट, सहीच्या पानासह
- भरलेला अर्ज आणि अर्जावरच्या चौकटीच्या मापाचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण
- दिवसवार कार्यक्रम: कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, हॉटेलचं नाव आणि पत्ता
- बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांना कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र, धंदेवाल्यांना नोंदणीचा कागद
- प्रवासाचं कारण सांगणारं साधं पत्र

यादी अधूनमधून बदलते, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात केंद्राच्या संकेतस्थळावरून ती पुन्हा तपासा.

इथे तीन सापळे आहेत. पहिला: एकदा प्रवेशाचा व्हिसा मिळाल्याच्या तारखेपासून तीन महिनेच वैध असतो. मे महिन्यात जायचं म्हणून उत्साहाने जानेवारीत अर्ज केला आणि महिनाअखेर व्हिसा हातात पडला, तर तो फुलं यायच्या आधीच संपेल. मे महिन्याच्या सहलीसाठी मार्चचा मध्य ही अर्जाची योग्य वेळ. दुसरा: कार्यक्रमातल्या मुक्कामाच्या तारखा आणि हॉटेलच्या आरक्षणाच्या तारखा एकेका रात्रीने जुळल्या पाहिजेत. ११ तारखेची रात्र दोन्ही हॉटेलांत किंवा कुठेच नाही, अशा चुकीवरून फोन येतो.

तिसरा सापळा सगळ्यात नेमका. ई-व्हिसा कागदावर छापून नेला तर चालत नाही. विमानतळावर मोबाईलमध्ये इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावर लॉग-इन करून 'व्हिसा इश्यूअन्स नोटीस'चं पान तिथल्या तिथे दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट, पीडीएफ, झेरॉक्स यांपैकी काही ग्राह्य नाही. त्यामुळे लॉग-इनचा पासवर्ड प्रवास करणाऱ्यापाशीच हवा. 'एजंटकडे आहे' हे उत्तर चेक-इनच्या रांगेत उपयोगाचं नाही. आई-वडिलांना पाठवत असाल तर त्यांच्या फोनवर ते पान दोनदा उघडून दाखवण्याचा सराव करून घ्या.

निघण्यापूर्वी 'व्हिजिट जपान वेब'वर माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्हीला तोच चालतो.

३. मुक्काम कावागुचिकोला, आणि किमान दोन रात्री

टोकियोहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. पण तसं करू नका. टोकियोची बस पोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात आणि तोवर फुजीने ढग पांघरलेले असण्याची शक्यता बरीच असते. कावागुचिकोला दोन रात्री राहिलात तर दोन सकाळी हातात येतात. एक ढगात गेली तरी दुसरी उरते.

स्थानकापासून चालत दहा मिनिटांतली जागा पाहा. तळ्याच्या पलीकडच्या काठावरची हॉटेलं फोटोत सुंदर दिसतात, पण तिथून सकाळी पहिली बस गाठायला टॅक्सी करावी लागते. मिन्शुकू म्हणजे घरगुती खानावळ-वजा-मुक्काम स्वस्त आणि झकास असतो. मात्र रात्रीचं जेवण सहा-साडेसहालाच वाढतात आणि त्यात मासे ठरलेलेच. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लेखी कळवा किंवा फक्त नाश्त्याचं बुकिंग घ्या. ऐन वेळी सांगून यजमान अडचणीत येतात आणि तुमच्यासमोर भात, लोणचं उरतं.

४. टोकियोहून कावागुचिको

तीन मार्ग आहेत. पहिला बसचा. शिंजुकूच्या 'बास्ता शिंजुकू' या टर्मिनलच्या चौथ्या मजल्यावरून हायवे बस सुटते. पावणेदोन-दोन तास, भाडं सव्वादोन हजार येनच्या आसपास. (१०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये.) आरक्षण प्रवासाच्या महिनाभर आधी खुलतं. सर्वात सोयीचा आणि स्वस्त, पण शनिवार-रविवारी चुओ महामार्गावरचा कोबोतोके बोगदा कुप्रसिद्ध आहे. आपल्या खंडाळ्याच्या घाटात सुट्टीच्या दिवशी होतं तेच तिथे होतं, फक्त कोणी हॉर्न वाजवत नाही.

दुसरा 'फुजी काइयू' या थेट एक्सप्रेसचा, इंग्रजीत फुजी एक्सकर्शन. शिंजुकूहून दोन तासांच्या आत, चार हजार येनच्या वर. वाहतूककोंडीचा प्रश्न नाही. पण डबा नीट पाहा. ही गाडी बहुतेक वेळा काइजी नावाच्या दुसऱ्या गाडीला जोडून धावते आणि ओत्सुकी स्थानकात दोन्ही वेगळ्या होतात. कावागुचिकोला जाणारे डबे फक्त तीन. बाकीचे कोफू शहराकडे निघून जातात. सगळ्या जागा आरक्षित. प्रत्येक सीटच्या वर बारीक दिवा असतो: लाल म्हणजे ती जागा विकलेली नाही, पिवळा म्हणजे लवकरच तिचा प्रवासी चढणार, हिरवा म्हणजे जागा त्या टप्प्यापुरती कोणाच्या तरी नावावर आहे. आपल्या सवयीप्रमाणे 'हिरवा म्हणजे मोकळी' समजून बसलात तर पुढच्या स्थानकावर कोणीतरी अदबीने तिकीट पुढे करून उभं राहील.

तिसरा साध्या गाड्यांचा: चुओ मार्गाने ओत्सुकी, तिथे गाडी बदलून फुजिक्यू रेल्वेने तासाभरात कावागुचिको. अडीच तासांच्या आसपास लागतात, पण आरक्षणाची कटकट नाही.

पासबद्दल: देशभर चालणारा जपान रेल पास ओत्सुकीपर्यंतच चालतो. पुढची फुजिक्यू ही खासगी रेल्वे, तिचं भाडं वेगळं. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला. फक्त टोकियो आणि फुजी करणाऱ्याने तो घेणं म्हणजे शुद्ध नुकसान. जेआर टोकियो वाइड पास तीन दिवसांचा असतो आणि त्यात फुजिक्यू मार्ग येतो. त्याच तीन दिवसांत आणखी एखादं लांबचं ठिकाण असेल तरच परवडतो.

मोठ्या बॅगा टोकियोतच ठेवा किंवा 'ताक्क्यूबिन' या घरपोच सामानसेवेने पुढच्या हॉटेलला पाठवा. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरला की काम झालं, बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. कावागुचिको स्थानकातले नाण्यांचे लॉकर सकाळीच भरून जातात.

५. शेवटचा टप्पा: शिबाझाकुरा लायनर

कावागुचिको स्थानक आणि उत्सवाची जागा शेजारी-शेजारी नाहीत. नावात 'को' म्हणजे तळं, पण तळी दोन: कावागुचिको वेगळं, मोतोसुको वेगळं. नकाशावर चुकीच्या तळ्याला बोट लावून 'चालत जाऊ' म्हणणारे दरवर्षी भेटतात.

उत्सवाच्या काळात स्थानकासमोरून 'शिबाझाकुरा लायनर' नावाची खास बस सुटते. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रवेश मिळून एकत्रित तिकीट अडीच हजार येनच्या आसपास मिळतं, तेच घ्या. नुसता प्रवेश दिवसानुसार हजार ते तेराशे येनच्या दरम्यान असतो, गर्दीच्या दिवशी जास्त.

1. आदल्या संध्याकाळीच स्थानकातल्या खिडकीवर वेळापत्रकाचा कागद घ्या. सकाळी तिथे रांग असते.
2. तिकीट काढताना आपली पसंती पहिल्या किंवा दुसऱ्या बसला. उत्सव सहसा सकाळी ८ ला उघडतो आणि दुपारी ४ ला बंद होतो. बहराच्या शनिवार-रविवारी आणखी लवकर उघडू शकतो.
3. परतीच्या तिकिटाचा भाग सांभाळा. तो फाडून टाकायचा कागद नव्हे.
4. उतरल्याबरोबर परतीच्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. शेवटची बस चुकली तर टॅक्सीशिवाय पर्याय नाही, आणि तिथे टॅक्सी रस्त्यावर हात करून मिळत नाही.

बाकीच्या स्थानिक बसमध्ये पैसे चालकाशेजारच्या यंत्रात टाकायचे असतात. ते यंत्र हजाराची नोट मोडून देतं, पाच किंवा दहा हजाराची नाही. खिशात हजाराच्या नोटा आणि १०० येनची नाणी हवीतच. सुइका किंवा पास्मो हे रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण उत्सवातल्या सगळ्याच स्टॉलवर चालेल असं धरू नका. यूपीआयवर तर मुळीच विसंबू नका. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या आणि पोस्टातल्या एटीएममध्ये आपली आंतरराष्ट्रीय कार्डं चालतात.

जाता जाता: हजार येनची जुनी नोट हाती आली तर मागची बाजू पाहा. तिच्यावरचा फुजी याच मोतोसू तळ्याच्या काठावरून दिसतो तो. २०२४ च्या जुलैपासून आलेल्या नव्या नोटेवर हे दृश्य नाही, तिथे चित्रकार होकुसाईची लाट आहे.

६. फुजी कधी दिसतो

सकाळी. बाकी सगळं यापुढे दुय्यम. रात्रभर थंड झालेली हवा पहाटे स्थिर असते आणि आकाश मोकळं. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात, दमट हवा वर सरकते आणि नऊ-दहानंतर शिखराभोवती ढग जमायला लागतात. दुपारी संपूर्ण पर्वत नाहीसा झालेला असू शकतो आणि आलेल्या माणसाला इथे डोंगर आहे हे पटणारही नाही.

सकाळी सहाला उठून खिडकीतून किंवा परिसरातल्या थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यावर पाहा. शिखर स्पष्ट असेल तर नाश्ता मागे ठेवा आणि पहिली बस गाठा. पूर्ण ढगाळ असेल तर त्या दिवशी तळ्याभोवती फिरा आणि फुलं दुसऱ्या सकाळवर टाका. आदल्या दिवशी पाऊस पडून रात्री आकाश स्वच्छ झालं असेल तर ती सकाळ सोडू नका, हवा धुऊन निघालेली असते.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक अडचण सांगायला हवी. बागेतून फुजी आग्नेयेला आहे. म्हणजे सकाळी आठ-नऊला सूर्य जवळपास पर्वताच्याच बाजूला असतो आणि ऊन समोरून येतं. लेन्सवर हाताची सावली धरा, आकाशाच्या उजेडावर फोकस करून फुलं थोडी गडद येऊ द्या आणि नंतर मोबाईलमध्ये उजळा. उजेडासाठी दुपार चांगली, पण दुपारी पर्वतच नसतो. आम्ही वाईट उजेड आणि हजर पर्वत पत्करतो.

७. बागेत

सुमारे पाच लाख रोपं हा आकडा ऐकून क्षितिजापर्यंत फुलं असतील अशी कल्पना होते. तशी नाहीत. निवांत फिरलात तरी दीड-दोन तासांत सगळं पाहून होतं. कास पठारासारखं आपोआप उगवलेलं रान नव्हे, ही लावलेली, निगुतीने राखलेली बाग आहे, आणि ती तशीच पाहावी.

आत शिरल्यावर आधी र्युजिन तळ्याकडे जा. वारा पडलेला असेल तर फुलं आणि फुजी दोन्हींचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, पण सकाळी पहिला तासभरच. वारा सुटला की पाणी चुरगळतं. मग फुलांचाच केलेला छोटा फुजी पाहा आणि शेवटी उंचावरच्या सज्जावर जा. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात म्हणून सकाळी तळ्यावर गर्दी कमी असते.

उभं राहून, वरून खाली फोटो काढलात तर रोपांमधली मोकळी माती दिसते. गुडघ्यावर बसा, मोबाईल फुलांच्या उंचीला आणा, म्हणजे पुढची फुलं मागच्या फटी झाकतात आणि गालिचा सलग होतो. जाहिरातीतल्या फोटोंचं गुपित एवढंच.

दोरीच्या आत पाय टाकू नका, लहान मुलाचाही नाही. ही रोपं जमिनीवर सरपटत वाढतात, एकदा चिरडलेला भाग त्या हंगामात भरून येत नाही. ड्रोन चालत नाही. कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, म्हणून एक पिशवी खिशात ठेवा आणि कचरा हॉटेलपर्यंत आणा. परिसरातले गावकरी पर्यटकांच्या बेशिस्तीने कावलेले आहेत. फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी दिसतो म्हणून लोक भर रस्त्यात उभे राहत, तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात प्रशासनाने तिथे अडीच मीटर उंच आणि २० मीटर लांबीची काळी जाळीच ताणली होती.

८. खाणं: शाकाहाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा

उत्सवात स्थानिक पदार्थांचे स्टॉल लागतात. दिसायला शाकाहारी आणि असायला नाही, असे पदार्थ बरेच.

- योशिदा उदोन: जाड, चिवट नूडल्स. वर कोबी असतो आणि बरेचदा त्याच्या शेजारी घोड्याचं मांस.
- फुजिनोमिया याकिसोबा: परतलेल्या नूडल्स. त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे आणि वरून सुकट माशांची पूड.
- होतो: गव्हाच्या रुंद पट्ट्या, लाल भोपळा आणि भाज्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, रश्श्यात. आपल्या वरणफळांची जपानी मावसबहीण. पण रस्सा बहुतेक ठिकाणी सुक्या मासळीच्या 'दाशी'वर केलेला.

ही दाशीच खरी मेख आहे. 'मांस नाही' म्हटल्यावर विक्रेता प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण त्याच्या लेखी मासळीचं पाणी म्हणजे मांस नव्हे. म्हणून असं म्हणा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस.' म्हणजे मांसही नाही, मासेही खात नाही, दाशीही चालत नाही. हेच वाक्य जपानी लिपीत मोबाईलवर लिहून ठेवलंत तर आणखी बरं.

निर्धास्तपणे खाण्यासारखं गोडच. यामानाशीची खासियत शिंगेन मोची: तांदळाच्या मऊ गोळ्यांवर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि काकवीसारखा काळ्या साखरेचा पाक. पीठ उडतं, वाऱ्यात उभं राहून खाऊ नका.

पोटभरीचं घरून न्या: दशम्या, मेतकूट, चिवडा, लाडू. मात्र हापूसची पेटी नको, मोह कितीही झाला तरी. तपासणीच्या दाखल्याशिवाय ताजी फळं आणि भाज्या जपानमध्ये नेता येत नाहीत. हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ताही त्यातच. मांसाचे पदार्थ, अगदी सीलबंद पाकिटातले, पूर्ण बंद.

९. बॅगेत काय

मोतोसू तळं समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. महाबळेश्वराहून कमी, पण मे महिन्यातली सकाळ आपल्या डिसेंबरच्या महाबळेश्वरासारखी गार. दुपारी ऊन मात्र चांगलंच लागतं.

- स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट
- टोपी, सनस्क्रीन
- पकड असलेले बूट. पावसानंतर चिखल होतो
- घडीची छत्री किंवा रेनकोट
- गुडघ्यावर बसायला छोटं प्लास्टिक
- पॉवर बँक. हातसामानात, चेक-इन बॅगेत नाही
- डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधं, महिनाभर पुरतील एवढीच

औषधांबाबत जपान कडक आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरावीक प्रमाणाच्या वर दोन्ही नेता येत नाहीत. पाकिटावरचे घटक वाचून मगच बॅगेत टाका.

१०. तारीख जुळली नाही तर जागा बदला

रजा ठरलेली आहे आणि बहर पुढे-मागे झाला, असं झालं तर शिबाझाकुराच सोडायची गरज नाही. हे फूल सखल भागात आधी आणि उंचावर, उत्तरेकडे नंतर फुलतं.

एप्रिलच्या उत्तरार्धात असाल तर सैतामा प्रांतातलं चिचिबू. तिथल्या हित्सुजियामा बागेत सुमारे चार लाख रोपं आहेत. मागे फुजी नाही, बुको डोंगर आहे. टोकियोच्या इकेबुकुरोहून सेइबू रेल्वेच्या एक्सप्रेसने ऐंशी मिनिटांच्या आसपास, आणि सेइबू-चिचिबू स्थानकापासून वीस मिनिटं चाल. डोंगर ढगात गेला तरी फार बिघडत नाही, आणि दिवसात जाऊन येता येतं.

मे महिन्याच्या शेवटी असाल तर होक्काइदो बेट: पूर्वेकडचं हिगाशिमोकोतो किंवा ताकिनोउए. तिथे डोंगराचा अख्खा उतारच गुलाबी होतो, पण टोकियोहून विमान आणि पुढे भाड्याची गाडी लागते. गाडी चालवायची असेल तर १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच, आपल्या आरटीओतून काढून न्यावा लागतो. तो जपानमध्ये गेल्यावर मिळत नाही, म्हणून व्हिसाच्या अर्जाबरोबरच त्याचाही अर्ज टाका.